वॉर्डात उरलेली माणसं

गोव्यातल्या पंचायत निवडणुकीत उमेदवाराच्या हातात जी मतदार यादी असते, ती एकदा जवळून पाहावी. आमच्या वॉर्डातली मी पाहिली आहे. नावापुढे बरोबरची खूण म्हणजे आपलं घर, फुली म्हणजे समोरच्याचं, आणि प्रश्नचिन्ह म्हणजे अजून एकदा जाऊन बसायचं घर. खुणा पेन्सिलीच्या, कारण शेवटच्या दोन रात्रींत त्या बदलतात. काही नावांपुढे बारीक अक्षरात ‘मुंबई’, ‘दुबई’, ‘बोटीवर’ असं लिहिलेलं. ही माणसं मतदानाला येणार का, याचा हिशेब वेगळा मांडलेला असतो.

मी अंत्रुज महालातली, म्हणजे फोंडा तालुक्यातली. शाळेत शिकवते, त्यामुळे निवडणुकीची ड्युटी चुकत नाही. विधानसभेची, लोकसभेची आणि पंचायतीची, तिन्ही निवडणुका मी टेबलाच्या आतल्या बाजूने पाहिल्या आहेत. त्यांत पंचायतीची मला सगळ्यांत जड जाते. तिथे मतदार शाई लावून घ्यायला बोट पुढे करतो तेव्हा त्याची नजर आमच्यावर नसते. दाराजवळ बसलेल्या पोलिंग एजंटवर असते. तो एजंट त्याचा चुलतभाऊ असतो, नाहीतर दूध घालणारा, नाहीतर घराला लागून घर असलेला शेजारी.

आमच्याकडची रचना साधी आहे. गावाच्या लोकसंख्येप्रमाणे पंचायतीत पाच, सात, नऊ किंवा अकरा पंच. जेवढे पंच तेवढे वॉर्ड, आणि एका वॉर्डातून एकच पंच. १० ऑगस्ट २०२२ रोजी १८६ पंचायतींसाठी मतदान झालं ते असंच. वॉर्ड म्हणजे काही शे मतदार. आमच्यात चारशेच्या आसपास. चारशे मतं मतपत्रिकेवर पडतात, पेटी तालुक्याच्या ठिकाणी जाते, एका टेबलावर उलटी केली जाते, गठ्ठे बांधले जातात आणि चहा थंड व्हायच्या आत निकाल बाहेर. कोणत्या वाड्यातून कोणाला किती पडली हे सांगायला त्यानंतर कोणा तज्ज्ञाची गरज नसते. मत गुप्त असतं हे मी वर्गात शिकवते, आणि कायद्याने ते गुप्तच असतं. पण चाळीस घरांच्या वाड्याचा कल झाकून राहत नाही.

आता समजा, चारशेपैकी तिघा उमेदवारांत मतं वाटली गेली: एकशे पन्नास, एकशे तीस, एकशे वीस. पहिला पंच झाला. त्याला मत न दिलेली अडीचशे माणसं त्याच वॉर्डात राहतात, त्याच रस्त्याने जातात, आणि पाच वर्षं त्यांचा पंच तोच. आमदारकीलाही असंच होतं, खासदारकीलाही. पण आमदार आपल्याला ओळखत नाही. ते अनोळखीपण एक प्रकारचं संरक्षणच असतं. पंच ओळखतो. नावानिशी, घर क्रमांकानिशी ओळखतो.

पंचाच्या हातात असतं तरी काय, असं शहरातली माणसं विचारतात. घरदुरुस्तीचा परवाना पंचायतीतून येतो. घर क्रमांक, घरपट्टी, रहिवासी दाखला, दुकानाचा परवाना, ना हरकत दाखला, कचरा उचलणं, गटार, पायवाट, वहाळावरची साकव, सगळ्याची सुरुवात पंचायतीच्या त्या दोन खोल्यांत होते. अर्ज सचिवाकडे द्यायचा असतो खरा, पण पंचाने “हो, मला माहीत आहे, करून टाका” म्हटलं तर तो वर येतो. नाही म्हटलं तर तो नाकारलाही जात नाही, नुसता राहतो. राहिलेल्या अर्जाविरुद्ध कुठे जायचं?

आमच्या शेजारची वयनी सबंध वॉर्डात एकटी अशी आहे जिने आपण कोणाला मत दिलं हे उघड सांगितलं. तिचा भाचा उभा होता, तो पडला. पुढच्या वर्षी मेअखेरीस पंचायतीची माणसं गटार उपसायला आली. फावड्याने गाळ काढून कडेला ढीग लावत ती वरच्या वळणापासून खाली येत होती. वयनीच्या घराच्या अलीकडे मोरी आहे. काम मोरीपर्यंत आलं आणि माणसं फावडी खांद्यावर टाकून टेम्पोत बसली. मोरीच्या पलीकडे पाच घरं होती, पाचही पडलेल्या भाच्याच्या बाजूची. जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात वरचं सगळं पाणी स्वच्छ गटारातून धावत मोरीपर्यंत आलं आणि तुंबलेल्या तोंडातून वयनीच्या अंगणात शिरलं. तुळशीवृंदावनाची पायरी बुडाली, पावसाळ्यासाठी रचून ठेवलेली नारळाची सोडणं आणि चुडतं तरंगत कुंपणाला जाऊन अडकली. ती पंचाकडे गेली. तो सभ्यपणे बोलला. “वयनी, औंदा लेबर उणी पडली. फुडल्या वर्सा तुमचें पयलें करुंया.” खुर्ची दिली, चहा विचारला. तिला रागवायलाही जागा ठेवली नाही.

मी हा पंच वाईट माणूस आहे असं म्हणत नाही. रात्री-अपरात्री कोणी आजारी पडलं तर गाडी काढणारा तोच आहे. त्याच्यापुढे मजूर थोडे होते आणि दिवस संपत आला होता. तेव्हा कोणाला आधी धरायचं हे ठरवताना त्याने आपल्या माणसांना धरलं. त्याच्या जागी वयनीचा भाचा असता तर मोरीच्या वरची घरं राहिली असती. बदलायची ती माणसं नाहीत. एका वॉर्डाला एकच दार असतं, ते बदलायला हवं. ते बंद झालं की ठोठवायला दुसरं दार नाही.

आणि ही वजाबाकी एकदा होऊन थांबत नाही. सात पंचांच्या पंचायतीत चौघे एकत्र आले की सरपंच त्यांचा. उरलेल्या तिघांच्या वॉर्डांत कामं हळूहळू थंडावतात. मग त्या तिघांतला एक फुटतो, अविश्वास ठराव येतो, सरपंच बदलतो. हे आमच्याकडे इतकं सरावाचं झालं आहे की सरपंचपद महिन्यांच्या बोलीवर वाटून घेतलं जातं आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पंचायत निवडणुका पक्षचिन्हावर होत नाहीत, पण कोणतं पॅनल कोणत्या आमदाराचं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. आधी वॉर्डात हरलेल्यांचा आवाज गेला, मग पंचायतीत हरलेल्या वॉर्डांचा.

पुण्यात माझी मावशी राहते. १५ जानेवारी २०२६ रोजी महाराष्ट्रातल्या २९ महापालिकांची निवडणूक झाली, तेव्हा तिने एका दिवसात चार मतं दिली. प्रभाग चार सदस्यांचा: अ, ब, क आणि ड. मुंबईत मात्र एका प्रभागाला एकच नगरसेवक. पुण्यातला प्रभाग किती सदस्यांचा असावा याला स्थिर उत्तर कधी मिळालेलंच नाही. २००२ मध्ये तीन, २००७ मध्ये एक, २०१२ मध्ये दोन, २०१७ मध्ये चार. राज्यात सरकार बदललं की प्रभागाचा आकार बदलतो. ज्याला ज्या आकारात फायदा, तो आकार कायद्यात येतो, हे मावशी सहज बोलून जाते आणि ते खरं आहे.

तरीही मला आधी वाटलं की चार सदस्य म्हणजे चार दारं. हे आपल्यापेक्षा बरं. तिच्याशी फोनवर बोलताना लक्षात आलं की तसं होत नाही. अ जागेची लढत वेगळी, ब जागेची वेगळी, आणि प्रत्येक लढतीत मतदार तेच. ज्या पॅनलकडे प्रभागात शंभरातले पंचेचाळीस मतदार आहेत आणि समोरचे दोघांत-तिघांत विभागलेले आहेत, ते पॅनल चारही जागा नेऊ शकतं. म्हणजे एका वॉर्डात होणारा अन्याय चार वेळा, एकाच दिवशी. वर पुन्हा पाणी आलं नाही तर चौघांपैकी कोणाला फोन करायचा हा घोळ. “एकाला केला तर तो दुसऱ्याचं नाव सांगतो,” मावशी म्हणाली. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतींतही एका प्रभागातून दोन-तीन सदस्य निवडले जातात, तिथेही हीच रीत. सदस्य किती, याने अर्धाच प्रश्न सुटतो. मतदाराच्या हातातलं मत कसं मोजलं जातं, तो उरलेला अर्धा.

हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी फार आधी ओळखलं होतं, आणि या बाबतीत त्यांचं नाव आपल्याकडे पुरेसं घेतलं जात नाही. १९३७ साली मुंबई प्रांताच्या विधानसभेवर ते निवडून आले ते अनेक जागांच्या मतदारसंघातून. तिथे मतदाराला जितक्या जागा तितकी मतं होती, आणि वाटल्यास ती सगळी एकाच उमेदवाराला देता येत. संख्येने कमी असलेल्या समाजाने आपली सगळी मतं एका माणसावर रचली की तो माणूस आत जाई. स्वतंत्र भारतात १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत उत्तर मुंबईचा मतदारसंघ दोन जागांचा होता, त्यांतली एक राखीव. पण आता दोन मतं दोन वेगळ्या उमेदवारांनाच द्यावी लागत. बाबासाहेब तिथे नारायण काजरोळकरांकडून हरले. त्या पराभवाची कारणं अनेक आहेत, सगळं मतपद्धतीवर ढकलता येणार नाही. पण १९५५ मध्ये भाषावार राज्यांविषयी लिहिताना त्यांनी अल्पसंख्याकांसाठी जो उपाय सुचवला तो हाच: दोन किंवा तीन जागांचे मतदारसंघ, आणि सगळी मतं एकाला देण्याची मुभा. राज्यात एक भाषा बहुसंख्य होईल, एक जात गावोगाव बहुसंख्य असेल, मग उरलेल्यांनी कोणाकडे पाहायचं, ही त्यांची चिंता होती.

दोन जागांचे मतदारसंघ फार टिकले नाहीत. १९५७ मध्ये आंध्रातल्या पार्वतीपुरममध्ये व्ही. व्ही. गिरी, जे पुढे राष्ट्रपती झाले, लोकसभेला हरले. तिथली एक जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव होती आणि दुसरी सर्वांसाठी खुली. दोन्हींवर आदिवासी उमेदवार निवडून आले. गिरी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि तिथेही हरले. १९६१ मध्ये कायदा करून असे मतदारसंघ मोडून काढले गेले. त्याच वर्षी १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला. म्हणजे आम्ही भारताच्या निवडणुकीत उतरलो तेव्हा ती पद्धत नुकतीच निकालात निघाली होती. ९ डिसेंबर १९६३ ला आमच्या आजोबांच्या पिढीने पहिल्यांदा विधानसभेसाठी मत दिलं ते एका मतदारसंघाला एक आमदार याच हिशेबाने: गोव्याचे अठ्ठावीस, दमण आणि दीवचा एकेक. दुसरी काही रीत असते हे आमच्या राजकीय आठवणीतच नाही.

पण त्याआधीच्या आठवणीत आहे. गावकरीच्या, म्हणजे गावच्या जुन्या सामायिक कारभाराच्या काळात, पोर्तुगीजांच्याही आधीपासून, सगळं वांगडांच्या, म्हणजे गावातल्या मूळ कुळांच्या, प्रतिनिधींकडे असे. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने या रीती लिहून काढल्या. पुढे गावकरीचं कोमुनिदाद झालं. अनेक गावांत प्रत्येक वांगडाचा शब्द धरला जाई, त्या वांगडात माणसं किती यावर तो अवलंबून नसे. या व्यवस्थेचे गोडवे मला गायचे नाहीत. वांगडात बाई नव्हती, दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणारा मुंडकार नव्हता, ज्यांनी रानं तोडून शेतं केली ते गावडे अनेक गावांत बाहेरच उभे होते. माझ्या आईच्या आईला त्या बैठकीत बसायची सोय नव्हती. पण एक गोष्ट त्या लोकांना कळली होती, ती म्हणजे गाव एकजिनसी नसतो आणि लहान गटाचं माणूस आत बसलेलं असलं तरच निर्णय टिकतो. वांगडाच्या जागी सगळे प्रौढ स्त्री-पुरुष आले, हे आपण केलं. ते फार मोठं आहे. त्याबरोबर लहान गटाची खुर्ची उचलायची काही गरज नव्हती.

माझं म्हणणं असं. नऊ वॉर्डांची पंचायत घ्या, वॉर्डाला चारशे मतदार. शेजारचे तीन-तीन वॉर्ड जोडून तीन मोठे करा, बाराशे मतदारांचे, प्रत्येकातून तीन पंच. प्रत्येक मतदाराला तीन मतं, आणि ती तिन्ही एकालाच द्यायची मोकळीक. बाराशेपैकी तीनशे एक माणसं एकदिलाने एका उमेदवारामागे उभी राहिली तर त्याला कोणी पाडू शकत नाही. हिशेब करून पाहा: त्यांची मतं होतात नऊशे तीन. उरलेले आठशे नव्व्याण्णव मतदार आपली सगळी मतं तिघांत सारखी वाटतील तर प्रत्येकाला आठशे नव्व्याण्णवच पडतील. पॅनल कितीही मोठं असो, चौथ्या हिश्श्याहून मोठा गट उपाशी राहणार नाही. स्कॉटलंडमध्ये २००७ पासून स्थानिक कौन्सिलांच्या निवडणुका बहुतेक तीन-चार सदस्यांच्या प्रभागांत पसंतीक्रमाने होतात. मतदार एक, दोन, तीन असे आकडे टाकतो. तीही रीत चालेल. पर्वरीत, म्हणजे गोव्याच्या विधानसभेत, आमचे आमदार राष्ट्रपती निवडताना असेच आकडे टाकतात. पण मोजणी गुंतागुंतीची होते, आणि गावात निकालावर विश्वास बसायचा तर हिशेब पारावर बसलेल्या माणसाला मांडता आला पाहिजे. तीन मतांचा हिशेब मांडता येतो.

आरक्षणाचा गुंताही यात सुटतो, आणि माझ्यासाठी हे कारण इतर सगळ्यांइतकंच मोठं आहे. आज वॉर्ड आळीपाळीने महिलांसाठी राखीव होतात. बाई निवडून येते, पहिलं दीड वर्ष कागद वाचायला शिकण्यात जातं, तिसऱ्या वर्षी ती सचिवाला प्रश्न विचारू लागते, आणि पाचव्या वर्षी वॉर्ड खुला होतो. मग घरातले पुरुष म्हणतात, आता बस्स. दर निवडणुकीला कोणता वॉर्ड कोणासाठी हे ठरवण्याची किल्ली मात्र सत्तेजवळ राहते. २०२१ मध्ये म्हापसा, मडगाव, मुरगाव, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या वॉर्ड आरक्षणाची अधिसूचना उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने रद्द केली. महिलांना कायद्याने द्यायचे एकतृतीयांश वॉर्डही पुरे दिले नव्हते. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उचलून धरला आणि सरकारच्याच कायदा सचिवाकडे राज्य निवडणूक आयुक्तपद सोपवणं घटनेला धरून नाही असं बजावलं. २३ एप्रिलला त्या पाच ठिकाणी मतदान झालं. तीन पंचांच्या वॉर्डात एक जागा कायमची बाईची ठेवता येते. तिला हलवण्यासाठी वॉर्ड हलवावा लागत नाही, आणि दुसऱ्या कोणाचाही वॉर्ड हिरावला जात नाही.

याविरुद्ध बोलण्यासारखं आहे, आणि त्यातला एक मुद्दा मला टोचतो. चारशे मतदारांच्या वॉर्डात खिशात पैसे नसलेला माणूसही पायी फिरून उभा राहू शकतो. आमच्याकडे काजूच्या बागेत मजुरी करणारी बाई पंच झालेली आहे. वॉर्ड तिप्पट झाला की जेवणावळी तिप्पट, गाड्या तिप्पट. याला माझं उत्तर इतकंच की त्या बाईला बाराशेंना जिंकायचं नाही; तिला तिची तीनशे हवीत, आणि ती तिच्या ओळखीच्या दोन वाड्यांत राहतात. पॅनलवाल्याला मात्र सगळीकडे पैसा ओतूनही तिसरी जागा हमखास मिळणार नाही. तरीही खर्चाची भीती खोटी आहे असं मी म्हणणार नाही.

दुसरा आक्षेप जबाबदारीचा, मावशीने फोनवर सांगितला तो. चौघे असले की कोणीच नसतं. पण पुण्यातले चौघे बहुतेक वेळा एकाच पॅनलचे असतात, म्हणून एकमेकांवर ढकलतात. दोन वेगळ्या बाजूंचे पंच एकाच मोरीवर उभे राहिले तर गटार कोणी अर्धं सोडलं हे लपत नाही. पुढच्या वेळी तीच मतं मागायला दुसरा टपलेला असतो.

यासाठी घटना बदलावी लागणार नाही. पंचायतीच्या जागा मतदारसंघांतून थेट निवडणुकीने भराव्यात आणि लोकसंख्येचं प्रमाण सारखं राखावं, एवढंच घटना म्हणते. एका मतदारसंघात एकच जागा असावी असं तिथे नाही. बदलायचा तो १९९४ चा गोवा पंचायत राज कायदा, आणि तो पर्वरीत बदलतो.

रविवारच्या ग्रामसभेत मी हे मांडलं. आयत्या वेळचा विषय म्हणून, शेवटी, जेव्हा निम्मी माणसं उठून गेली होती. ठराव असा लिहून नेला होता की सरकारने निदान काही पंचायतींत तीन पंचांचे वॉर्ड करून पाहावेत. आमच्या पंचाने विरोध केला नाही, त्याने विचारलं, “बाई, आमच्या वॉर्डाला तुम्ही कोणते दोन जोडणार?” मी वरचा वाडा आणि नदीकाठचा वाडा म्हटलं. लगेच मागून आवाज आला की नदीकाठचे लोक आमच्या जत्रेला वर्गणी देत नाहीत, ते नकोत. वयनी उठून म्हणाली, ते असले तरच मोरीच्या खाली कोणीतरी बघेल. मग खुर्च्या सरकल्या, निघालेली दोन-चार माणसं दारातून परत आली आणि अर्धा तास गावाचा नकाशा काढून वाद झाला: कोणता वाडा कोणाबरोबर, देवळाच्या मागची घरं कुठे धरायची, नव्या बिल्डिंगमधल्या भाडेकरूंची मतं मोजायची का. सचिवांनी ठराव वहीत घेतला आणि पुढच्या ग्रामसभेसाठी वॉर्डांच्या याद्या मागवल्या. भाडेकरूंचा मुद्दा अजून मिटलेला नाही. त्यांच्या बिल्डिंगमध्ये मी येत्या आठवड्यात जाणार आहे, त्यांनाही विचारायला.